बाबांनी ‘सोड’ म्हटलं

४ मार्च, मंगळवार

आधी फक्त घडलं ते. बाकीचं नंतर.

१. सकाळी बाबा, मी आणि बोका सहाव्या मजल्यावरून लिफ्टने खाली निघालो. बोका म्हणजे आमचा कुत्रा.

२. पट्टा बाबांच्या उजव्या मनगटाला गुंडाळलेला होता. पक्षाघाताच्या आजारापासून त्या हाताची पकड गेली आहे. ते पट्टा धरत नाहीत, गुंडाळतात.

३. चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली. सोसायटीचे सेक्रेटरी आत आले. म्हणाले, “कुत्रं बाहेर. जिन्याने.” मी म्हणाले, “तुम्ही पुढच्या फेरीला या.”

४. सेक्रेटरींनी बोक्याच्या बरगडीत बूट घातला आणि त्याला बाहेर लोटलं. दार बंद करायचं बटण दाबलं.

५. दार लागलं. पट्टा दाराच्या फटीत. बोका बाहेर, बाबा आत. लिफ्ट खाली निघाली.

६. बाबांचा हात फटीबरोबर वर ओढला गेला. खांद्यापर्यंत, डोक्यापर्यंत, मग डोक्याच्याही वर. बाबा ओरडत होते, “सोड! सोड!” सेक्रेटरी मागच्या आरशाला चिकटून उभे होते.

७. मी आतलं दार दोन्ही हातांनी ओढून उघडलं. आतलं दार उघडलं की लिफ्ट थांबते. थांबली. त्याच्या आधी मनगट मोडलं. आवाज आला.

८. वर बोक्याच्या गळपट्ट्याची कडी तुटली. पट्टा सैल पडला.

९. वॉचमनने चावी लावून आम्हाला तिसऱ्या मजल्यावर बाहेर काढलं. बोका जिन्याने धावत आला. मानेची कातडी सोललेली. त्याने सेक्रेटरींचा उजवा हात तोंडात धरला.

१०. बाबा म्हणाले, “सोड.” बोक्याने सोडला.

एवढंच. यात माझं मत कुठेही नाही.

५ मार्च, बुधवार

बाबांच्या मनगटाची दोन हाडं. प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत. बोक्याच्या मानेला टाके.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मानेवरचे केस भादरले, तेव्हा खाली गळपट्ट्याची वीण जशीच्या तशी उमटलेली दिसली. कातडीवर छापल्यासारखी.
“कुणी फास दिला का याला?” त्यांनी विचारलं.
“लिफ्टने,” मी म्हणाले.
त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

नोकरीत मी लिफ्टची दारंच तपासते. दारात न दिसणाऱ्या किरणांचा एक पडदा असतो. मधे हात, पाय, पिशवी आली की दार मागे फिरतं. पट्ट्यासारखी बारीक वस्तू त्या पडद्याला दिसत नाही. हे मी नव्या लोकांना पहिल्याच दिवशी शिकवते. दुसऱ्या दिवशी शिकवते दाराचा जोर — किती जोराने लागलं तर बोट नुसतं चेमटतं, किती जोराने लागलं तर हाड जातं. आकडे पाठ आहेत.

पाठ असून उपयोग शून्य!

संध्याकाळी खाली नोटीस लागली. “सहाव्या मजल्यावरील बोका नामक हिंस्र श्वानास महिनाअखेरपर्यंत इमारतीतून हलवावे. तोवर त्यास लिफ्टमध्ये मज्जाव.” खाली सेक्रेटरींची सही. डाव्या हाताने केलेली, वेडीवाकडी.

कुणीतरी ‘बोका’खाली पेनाने लिहिलंय: “मग मांजरीचं नाव काय, टायगर?”

७ मार्च, शुक्रवार

मावशीशी फोनवर बोलले. मावशी वकील आहे आणि जेवताना पण उलटतपासणी घेते.

“ठराव केलाय का त्यांनी? करू देत. बहुमताने उद्या तुझ्या बापालाही घराबाहेर काढायचा ठराव करतील. म्हणून काय तो कायदा होतो?”

तिने जे सांगितलं ते इथे थोडक्यात. सोसायटी कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही, सगळ्यांनी हात वर केले तरी नाही. लिफ्ट सगळ्यांची — कुत्र्याला नेणाराही ‘सगळ्यांत’ येतो. कुत्र्यासाठी वेगळा आकार लावता येत नाही. जनावराला लाथ मारणं हा गुन्हा आहे, मग मारणारा सेक्रेटरी असो नाहीतर राजा. आता आपली बाजू: घराबाहेर पट्टा हवा, लस टोचलेली हवी, घाण आपण उचलायची. आणि तो कुणाला चावला तर जबाबदार मालक.

“चावला ना तो?”
“चावला.”
“किती वेळ?”
“बाबांनी ‘सोड’ म्हणेपर्यंत.”
“हे लक्षात ठेव. एका चाव्यावर कुत्रं जात नाही, विशेषतः आधी त्याला मारलेलं असेल तर. पण दुसरा चावा झाला, तर मग माझ्याकडे येऊ नकोस, देवळात जा.”

मग म्हणाली: “अगं पण नाव बोका? न्यायाधीशांसमोर मी काय म्हणू, माझे अशील श्री. बोका?”

हे पिल्लू होतं तेव्हा दिवसभर उशीवर लोळायचं, दुधाशिवाय उठायचं नाही. बाबा म्हणाले, हा कुत्रा नाही, बोका आहे. तेव्हा बाबा बोलायचे.

आजारानंतर बाबांचे शब्द गेले. समजतं सगळं, तोंडात येत नाही. जे परत आले ते बोक्याशी बोलायचे शब्द — ये, बस, थांब, चल, सोड. बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, रोज वापरलेले शब्द आधी परततात. बाबा मलाही “ये” म्हणतात. चहा हवा असला तरी “ये”. मी जाते.

बोका गेला तर ते शब्द कुणासाठी वापरणार?

९ मार्च, रविवार

आमच्या मजल्याच्या जिन्यात ट्यूबलाइटच्या काचा. फुटलेल्या नव्हेत, फोडून पसरलेल्या. प्रत्येक पायरीवर. बोक्याच्या पंजात एक तुकडा गेला, मी चिमट्याने काढला. त्याने हू की चू केलं नाही. रक्त मात्र दारापासून मोरीपर्यंत.

एरवी लिफ्टचा वापर चालूच ठेवलाय. आम्ही आत गेलो की लोक बाहेर पडतात. एकजण बोक्याच्या अंगावर थुंकला. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, “काय बघतेस? चावतेस काय तूसुद्धा?”

घरी आल्यावर भिंतीला गुद्दा मारला. मूठ सुजली. असं मी याआधी कधी केलेलं नाही.

१२ मार्च, बुधवार

पोलीस ठाण्यातून बोलावणं. तक्रार सेक्रेटरींची: “मुद्दाम कुत्रा अंगावर सोडला.” साक्षीदार तिसऱ्या मजल्यावरच्या काकू.

हवालदारांनी काकूंचा जबाब वाचून दाखवला. “लिफ्टमधून ‘सोड, सोड’ असा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. पाठोपाठ कुत्रं धावत आलं आणि साहेबांचा हात धरला. पुन्हा एकदा ‘सोड’ म्हणाले.”

एकही शब्द खोटा नाही! काकू खोटं बोलणाऱ्यांतल्या नाहीत. आई गेली तेव्हा तेरा दिवस... नको, ते इथे नको.

“सोड म्हटलं, का नाही?” हवालदार.
“म्हटलं.”
“मग संपलं की!”
“सोड म्हणजे तोंडातलं सोड. हात सोड.”
“आणि अंगावर सोड म्हणतात तेव्हा काय म्हणतात?”
“सोड.”
“बघा!” त्यांनी पेन खाली ठेवलं. “मराठीनेच घोटाळा केलाय, मी काय करू? तुमच्या वडिलांना घेऊन या. ते सांगतील कोणता सोड.”

बाबा सांगू शकत नाहीत. त्यांना विचारलं तर ते एवढंच म्हणतील — सोड.

१६ मार्च, रविवार

सभा. पाण्याच्या टाकीशेजारच्या हॉलमध्ये. प्लास्टिकच्या खुर्च्या, डोक्यावर पंख्याची खरखर. सेक्रेटरींचा हात झोळीत, बाबांचाही झोळीत. समोरासमोर बसले होते, जणू एकाच लढाईतून परतलेत.

अध्यक्षबाईंनी — शाळेच्या माजी मुख्याध्यापिका, अजून वर्गात असल्यासारख्या बोलतात — टेबलावर पट्टी आपटली. “एकेक जण. हात वर करून.”

सेक्रेटरी उभे राहिले. “माझा मुद्दा साधा आहे. हे माझ्याशी इतकी वर्षं अहो-जाहो बोलले. भांडतानाही ‘तुम्ही’. कधी अरे-तुरे नाही. मग लिफ्टमध्ये ‘सोड’ कुणाला? मला म्हणायचं असतं तर ‘सोडा’ म्हणाले असते! ‘सोड’ म्हणजे कुत्र्यालाच.”

मागून कुणीतरी: “वा, व्याकरणाचा तास!” हशा.

मी हात वर केला. “सेक्रेटरी बरोबर आहेत. ‘सोड’ कुत्र्यालाच म्हणाले.”

सेक्रेटरींचा चेहरा खुलला.

मी वॉचमनला खूण केली. तो बोक्याला घेऊन आला. पट्टा, तोंडाला जाळी. पुढच्या दोन रांगा उठून मागे गेल्या, त्यात सेक्रेटरी पहिले. मी जाळी काढली, तशा बायका किंचाळल्या. पट्टा आवळून धरला, बोक्यापुढे त्याचा चेंडू टाकला. त्याने झडप घातली, दातांत आवळून मान झटकू लागला. असा झटकतो तेव्हा मलाही भीती वाटते. खोटं कशाला लिहू.

बाबा खुर्चीतूनच म्हणाले, “सोड.”

चेंडू पडला. घरंगळत अध्यक्षबाईंच्या पायाशी गेला.

“चेंडू म्हणजे काय हो!” दुसऱ्या मजल्यावरचा एकजण. “रोजचाच आहे. घ्या, माझी चप्पल द्या त्याला.” त्याने खरंच चप्पल काढून फेकली. बोक्याने ती तितक्याच आवडीने धरली. बाबा — “सोड.” चप्पल पडली. चप्पलवाल्याने ती उचलून बघितली आणि म्हणाला, “दात तर आरपार गेलेत. पण सोडली, हे खरं.”

आणि मग काकू उभ्या राहिल्या. पदराने तोंड पुसत. “अगं बाई! म्हणजे ते सोडवत होते? मला वाटलं, सोडताहेत!”

यावर हॉल इतका हसला की पंख्याची खरखर ऐकू येईना. काकू हसल्या नाहीत. बाबांसमोर जाऊन म्हणाल्या, “माफ करा हो भाऊजी. ऐकलं ते खरं, समजले ते चुकीचं. उद्याच ठाण्यात जाऊन बदलून येते.” बाबा म्हणाले, “बस.” काकू शेजारच्या खुर्चीत बसल्या.

मी मावशीचा मजकूर वाचला, बंदी कायद्यात का बसत नाही तो. जबाबदाऱ्याही वाचल्या, म्हणाले, या मी पाळते, एकही चुकली तर दाखवा. अध्यक्षबाईंनी मतं घेतली. नोटीस रद्द. सेक्रेटरी मतदानाआधीच उठून गेले. जाताना म्हणाले, “इथे माणसांपेक्षा कुत्र्यांना किंमत आहे.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण कुणी त्यांना थांबवलंही नाही. आज ते एकटे पडले, आणि मला ते आवडलं. जरा जास्तच आवडलं.

१७ मार्च, सोमवार

नोटीस उतरवली. काकूंनी जबाब बदलला. बाबा आज स्वतःहून म्हणाले, “चल.” तिघं लिफ्टने खाली गेलो. कुणी बाहेर पडलं नाही.

१९ मार्च, बुधवार

फाटकाशी सेक्रेटरींचा मेहुणा. सगळे त्याला पैलवान म्हणतात. जन्मात एकदाही आखाड्यात उतरलेला नाही, पण दंड तेवढे आहेत.

“तुझ्यामुळे दाजींना लोक हसताहेत. घरात जेवत नाहीत.”
“मी काय करू?”
“तू काहीच नको करूस. मी करतो.” बोक्याकडे बोट दाखवलं. “याला लुळा करतो. मग शिकव त्याला व्याकरण.”

मावशीला कळवलं. ती म्हणाली, ठाण्यात लेखी दे. दिलं. हवालदारांनी घेतलं. म्हणाले, “मारलं नाही ना अजून?”

२२ मार्च, शनिवार

लिहायला हवं. हे कुणी वाचणार नाही, तेव्हा नीट लिहायला हवं.

प्लास्टर दाखवायला बाबांना डॉक्टरांकडे न्यायचं होतं. पार्किंगमध्ये गाडीचं मागचं दार उघडून बाबांना आत बसवलं. बोका त्यांच्यापाठोपाठ उडी मारणार, एवढ्यात खांबाआडून पैलवान आला. हातात नळाचा लोखंडी पाइप. काही बोलला नाही. बोलेल असं मला वाटलं होतं.

पहिला फटका बोक्याच्या मागच्या पायावर. कुत्रा असा ओरडतो हे मला माहीत नव्हतं. दुसरा फटका चुकला, गाडीच्या पत्र्यावर बसला. बोका पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत आत गेला, बाबांच्या मांडीवर. पैलवानाने पाइप टाकला, उजव्या हाताने दाराची चौकट धरली आणि डावा हात आत घालून बोक्याचा तोच, मोडलेला पाय पकडला. ओढायला लागला. बाबा एका हाताने बोक्याला कवटाळून होते. बोक्याने चावायला हवं होतं. तो चावला नाही. बाबांच्या काखेत तोंड खुपसून नुसता कापत होता.

मी दार लावलं. पैलवानाची उजवी बोटं चौकटीवर होती, हे मला दिसत होतं. त्याने बोक्याचा पाय सोडला, डावा हात बाहेर घेतला. किंचाळला, “अगं हात! हात!” मी दार पुन्हा उघडलं. बोका आत सुरक्षित होता. पैलवान मागे झाला नाही. पाइपकडेही वळला नाही. बोटं चौकटीवरच होती आणि तो त्यांच्याकडे नुसता बघत होता, ती दुसऱ्या कुणाची असल्यासारखा.

बाबा म्हणाले, “सोड.”

स्पष्ट. माझ्याकडे बघून. माझ्याशी ते एकेरीतच बोलतात, त्यामुळे कुणाला म्हणाले यात घोळ नाही.

मी दार दुसऱ्यांदा लावलं. कंबरेचा जोर देऊन. किती जोराला हाड जातं ते मला माहीत होतं आणि मी त्याहून थोडा जास्त दिला. तो गुडघ्यांवर बसला. आवाज आधी आला, ओरडणं नंतर.

पहिल्यांदा मी बोक्याला वाचवत होते. दुसऱ्यांदा कुणालाच वाचवत नव्हते. मला बरं वाटलं. हे लिहिल्याशिवाय वरचं सगळं अर्धवट राहतं — बरं वाटलं.

बोका ‘सोड’ म्हटलं की सोडतो.

२३ मार्च, रविवार

बोक्याच्या मांडीचं हाड मोडलंय. सळई घातली. डॉक्टरीणबाईंनी या वेळी काही विचारलं नाही.

बाबा त्याच्याजवळ जमिनीवर सतरंजी टाकून झोपतात. मी पाणी घेऊन गेले तर त्यांनी बोक्याला स्वतःकडे ओढून घेतलं. वाचवतात तसं. माझ्यापासून!

२४ मार्च, सोमवार

ठाण्यात नवी तक्रार. पैलवानाची. “कुत्र्याने हात चावून तीन बोटं मोडली.”

दोनदा वाचलं. दाराचा उल्लेखच नाही. माझाही नाही. मुलीने गाडीच्या दारात हात चेचला, हे मित्रमंडळीत सांगवत नसणार. कुत्र्याने फाडलं म्हटलं की मान राहतो. सेक्रेटरींनी तेच उचललं — दुसरा चावा. पालिकेची गाडी येत्या सोमवारी बोक्याला उचलायला येणार.

पार्किंगमधला कॅमेरा फाटकाकडे तोंड करून आहे. बघणारे आम्ही तिघंच. बाबा बोलू शकत नाहीत. बोकाही नाही. राहिले मी.

मावशी: “दुसऱ्या चाव्याचं जनावर ते पिंजऱ्यात ठेवतात. मोडक्या पायाने, टाक्यांसकट. परत येईल असं मी लिहून देणार नाही.”
“तो चावला नाही, मावशी.”
“मला माहितेय. मग बोटं कशी मोडली?”
“दारात सापडली.”
मग तिने विचारलं, “एकदाच लागलं ना गं दार?”
“हो,” मी म्हणाले.

उत्तर इतकं सहज आलं की मला माझाच राग आला नाही, आश्चर्य वाटलं.

“तरीही दाराबद्दल अक्षर काढू नकोस. झटापटीत बोटं गेली, कशी ते कुणाला कळलं नाही. दातांच्या खुणा दाखवा म्हणू त्यांना. तू तोंड उघडलंस तर तुझा तपासणीचा परवाना जाईल, नोकरी जाईल, आत जाशील ते वेगळंच. कुत्र्याचं मी बघते.”
“बघशील म्हणजे तो वाचेल?”
“म्हणजे मी प्रयत्न करीन.”

२५ मार्च, मंगळवार

कामावर एका दाराची चाचणी. जोर मोजायचं यंत्र लावलं, दार लागलं, काटा हलला. आकडा वाचायला माझ्या सहकाऱ्याला सांगितलं. मला वाचवेना.

२६ मार्च, बुधवार

काकू आल्या. बोक्यासाठी जुनी गोधडी घेऊन. त्याच्याजवळ फतकल मारून बसल्या, मान खाजवली. सभेआधी त्या त्याच्या वाऱ्याला उभ्या राहत नसत.

“मला नाही पटत, हा चावला असेल. पाय मोडल्यावर कसला चावतोय! तू म्हणशील तर मी सांगते, मी गॅलरीतून पाहिलं. तो पैलवान धडपडला आणि हात आपटला.”
“तुम्ही पाहिलं नाहीत, काकू.”
“नाही पाहिलं. मागच्या खेपेस खरं बोलून तुमचं वाटोळं करत होते, या खेपेस खोटं बोलून भरपाई करते.” हसल्या. मग हसणं थांबलं. “तू सांग ना खरं काय झालं ते. मी तेच सांगीन.”

मी चहा ठेवायला उठले. बाबा जमिनीवरून माझ्याकडे बघत होते. मी थांबले. त्यांनी ओठ हलवले, बराच वेळ शोधत राहिले. बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणतात, मदत करू नका, त्यांना शोधू द्या. दिलं.

“तू,” ते म्हणाले.

हा शब्द आजारानंतर पहिल्यांदा आला. बोक्याला ते ‘तू’ कधी म्हणत नाहीत, नुसतं काम सांगतात. हा माझ्यासाठीच.

काकू म्हणाल्या, “बघ, भाऊजी म्हणताहेत तू सांग.”

त्यांना तेच म्हणायचं होतं का, मला माहीत नाही. पण दुसरं काही बसत नाही.

२७ मार्च, गुरुवार

आज सकाळी ठाण्यात आणि पालिकेत हाताने दिलं. प्रत सेक्रेटरींना, प्रत मावशीला. मावशीचे फोन येताहेत, उचलत नाही. मजकूर पूर्ण:

“पार्किंगमध्ये २२ मार्च रोजी झालेली इजा कुत्र्याने केलेली नाही. तो त्या वेळी चावला नाही. गाडीचं दार मी लावलं. पहिल्यांदा त्याला वाचवण्यासाठी. दुसऱ्यांदा वाचवण्यासाठी नाही. तेव्हा धोका संपला होता, वडील मला थांबवत होते, आणि बोटं मोडतील हे मला माहीत होतं. हाताचा एक्स-रे पाहावा, दातांनी हाडं अशी एका सरळ रेषेत मोडत नाहीत. जी कारवाई करायची ती माझ्यावर करावी. कुत्रा वडिलांकडे राहू द्यावा. माझ्या गैरहजेरीत त्याला फिरवण्याची आणि त्याची घाण उचलण्याची जबाबदारी तिसऱ्या मजल्यावरील बाईंनी घेतली आहे. सोमवारची गाडी रद्द केल्याचं शनिवार, २९ मार्चपर्यंत लेखी कळवावं.”